गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत नेताना

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा म्हटलं की गटार, पेव्हर ब्लॉक, सभामंडप हीच कामं आधी सुचवली जातात. आम्ही आराखडा पाण्याच्या ताळेबंदापासून सुरू करतो, कारण एप्रिलात टँकर लागणाऱ्या गावात बाकीची कामं कितीही झाली तरी माणसं टिकत नाहीत. काळ्या कातळावर वसलेल्या अवर्षणप्रवण गावांत हे करताना जे पक्कं कळलं, ते इथे मांडतो आहोत.

कामाची सुरुवात मे महिन्यात होते. शिवारातल्या १०-१२ विहिरी निवडायच्या, काही चढावरच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात हवीच. मेअखेर एक मोजणी आणि सप्टेंबरअखेर दुसरी. इथे दोन चुका हमखास होतात. मोटार बंद केल्या केल्या टेप सोडला जातो. पण विहिरीत झरे भरून यायला रात्र लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी मोटार बंद ठेवून पहाटे मोजावं. दुसरी चूक कठड्याची. कठडा तीन फुटांचा असेल आणि ती उंची वजा केली नाही, तर पाणी आहे त्यापेक्षा मीटरभर खोल दिसतं. कठड्यावर तेलरंगाने खूण करायची आणि दर वेळी टेप तिथूनच सोडायचा.

पाऊस मात्र गावातच मोजावा. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा आणि आपल्या शिवारात पडलेला पाऊस यांत मोठी तफावत पडते. शाळेच्या मोकळ्या मैदानात पर्जन्यमापक आणि रोज सकाळी साडेआठला नोंद, एवढं पुरतं. मुलं ही नोंद चोख ठेवतात.

आता हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. उदाहरणादाखल ९०० हेक्टरचं, १८०० वस्तीचं गाव घेऊ. पाऊस ५०० मिमी झाला, तर शिवारावर ४५०० टीसीएम पाणी पडलं (१ टीसीएम म्हणजे १००० घनमीटर). हा आकडा ऐकला की सभेत सगळे निर्धास्त होतात, आणि तिथेच फसगत होते. यातलं बहुतेक पाणी उन्हाने उडतं, खरिपात जिरतं किंवा ओढ्याने निघून जातं. रब्बीसाठी विहिरींत काय आलं ते वेगळं काढावं लागतं. मेमध्ये पातळी १० मीटरवर होती, सप्टेंबरअखेर ४ मीटरवर आली, म्हणजे ६ मीटर वाढ. डोंगरउतार सोडून ६०० हेक्टर धरलं आणि बेसॉल्टची, म्हणजे काळ्या कातळाची, पाणी सोडण्याची क्षमता २ टक्के धरली, तर ७२० टीसीएम येतात. ४५०० कुठे आणि ७२० कुठे! त्यातही ७० टक्क्यांच्या आतला उपसाच सुरक्षित मानला जातो, म्हणजे ५०४.

माणशी रोज ५५ लिटरने १८०० जणांना वर्षाला ३६ टीसीएम लागतात. ६०० मोठ्या जनावरांना रोज ४० लिटरने साधारण ९. हे ४५ आधी बाजूला काढले की शेतीला उरतात जेमतेम ४६०. पिण्याला लागणारं पाणी इतकं थोडं असून टँकर का येतो, हे या दोन ओळी शेजारी लिहिल्याशिवाय कुणाला पटत नाही.

मग मागणी. ६० हेक्टर हरभऱ्याला हेक्टरी ३ टीसीएमप्रमाणे १८०, ४० हेक्टर गव्हाला हेक्टरी ४ प्रमाणे १६०, ४० हेक्टर कांद्याला हेक्टरी ६ प्रमाणे २४०, आणि १० हेक्टर उसाला, पावसाचा वाटा वगळूनही, हेक्टरी १५ प्रमाणे १५०. एकूण ७३०. तूट २७०. ऊस थांबला आणि कांदा २० हेक्टरवर आला की हिशेब बरोबर जुळतो. ठिबकने पाणी वाचतं खरं, पण वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं तर तूट जिथल्या तिथे राहते.

बंधाऱ्यांतलं पाणी यात वेगळं मिळवू नये. तेच जिरून विहिरीत आलेलं असतं, आणि दोनदा मोजलं की ताळेबंद कागदावर शिलकी होतो. साठा काढतानाही सावध राहावं. भिंतीपाशी २ मीटर खोली, १० मीटर रुंदी, १०० मीटर फुगवटा म्हणून २००० घनमीटर लिहिले जातात. पण नाल्याचा तळ मागे चढत जातो, त्यामुळे सरासरी खोली १ मीटरच भरते. साठा १००० घनमीटर, गाळ असेल तर आणखी कमी.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या तोंडावर येते, म्हणून ताळेबंद तिथेच मांडावा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. त्याआधीची महिला सभा उरकून टाकू नये. कोणता आड आधी आटतो आणि कोणत्या वस्तीला किती खेपा घालाव्या लागतात, हे बायकाच नेमकं सांगतात. आकडे चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले की चर्चा भांडणाकडे न जाता पिकांकडे वळते.

ठराव 'पाणी काटकसरीने वापरावे' असा लिहिला तर त्याचा उपयोग शून्य. पीक, क्षेत्र आणि मुदत लिहावी. पीक बंद करायला लावण्याचा अधिकार पंचायतीकडे नाही, तो निर्णय सहमतीचाच. हिवरे बाजारने ऊस-केळी आणि शेतीसाठी बोअर बंद केले तेही ग्रामसभेतल्या सहमतीवर. मात्र सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला २००९ च्या भूजल कायद्याचीच मनाई आहे. ते अंतर नकाशावर आखून ठरावाला जोडावं. बोअरची गाडी रात्री आली तर हाच कागद कामी येतो.

निधीची वाट मग सोपी होते. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित ठेवलेली होती. तरी कामं अडतात ती नावामुळे. 'जलसंधारण कामे' एवढंच लिहिलेलं काम तांत्रिक मान्यतेत परत येतं. गट क्रमांक, लांबी, रुंदी, काढायचा गाळ किती घनमीटर, हे आराखड्यातच असावं. आणि आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवण्याआधी ग्रामसभेच्या ठरावाशी ओळ न् ओळ ताडून पाहावा.

पुढच्या मेअखेर त्याच खुणांवरून पुन्हा टेप सोडायचा. पातळी गेल्या मेपेक्षा खाली गेली असेल, तर कुठल्या वस्तीत ठरल्यापेक्षा जास्त कांदा लागला ते त्या भागातल्या विहिरी लगेच दाखवतात.