रोज चालतात, तरी उठताना हात का लागतो?

‘वडील रोज सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तासभर चालतात. तरी सोफ्यावरून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, सिटीलिंक बसच्या पायरीवर चढताना कुणीतरी दंड धरावा लागतो. असं का?’ पासष्टीच्या पुढच्या आईवडिलांबद्दल हा प्रश्न फार येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर.

चालणं चांगलंच आहे. हृदय, साखर, झोप, सगळ्याला त्याचा उपयोग होतो. पण सपाट ट्रॅकवर चालताना गुडघा थोडाच वाकतो आणि मांडीच्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरला जातो. बैठ्या खुर्चीतून उठताना गुडघा काटकोनात असतो आणि सगळं अंग मांडी नि कुल्ल्याच्या स्नायूंनी उचलायचं असतं. अशक्त माणसाची जवळजवळ सगळी ताकद तेवढ्यातच संपते. वयानुसार स्नायू घटतात आणि त्यातही झटकन जोर लावणारे तंतू आधी जातात. त्यामुळे चालणं टिकतं आणि उठणं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम वेगळा सांगितलाय, तो याचसाठी.

आधी घरीच तपासा. साधारण १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, शेजारी कुणीतरी हवंच. ७० ते ७४ वयात पुरुषांचे १२ आणि बायकांचे १० पेक्षा कमी झाले, तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजा. हात टेकावेच लागले तर आकडा शून्य धरतात.

व्यायामही हाच. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. पाठ ताठ ठेवून सरळ वर उठू पाहतात, वजन टाचांवर राहतं आणि धपकन मागे बसतात. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, कोंडला की रक्तदाब चढतो. बसताना मनात तीन मोजत हळू खाली यायचं. गोदाघाटाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना पाय लटपटतात, कारण उतरताना स्नायूला लांबत लांबत वजन पेलावं लागतं. ती सवय या हळू बसण्यातून होते.

आठ-दहा वेळा उठबस, मग दोन मिनिटं विश्रांती, असे दोन फेरे, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. सलग बारा सहज झाले की उशी काढा. हलकी प्लास्टिकची खुर्ची नकोच, गुळगुळीत फरशीवर ती मागे सरकते. पायात सैल सपाताही नकोत. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक. गुडघा सुजला किंवा आत टोचल्यासारखं दुखलं तर उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हल्लीच हृदयविकार किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर सुरुवातच त्यांना विचारून.

तोलासाठी ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं दहा वेळा, मग एका पायावर दहा सेकंद. चहा उकळेपर्यंत होतं.

कमोड बसवावा का, हेही विचारतात. गुडघे खरोखर झिजले असतील तर बसवा. पण सगळंच उंच करून ठेवलं, पाट गेला, देवापुढे बसणं गेलं, की वाकायचं कामच उरत नाही. आणि जे वापरात नाही ते जातं.

शेवटचं, जे फारसं कुणी शिकवत नाही: जमिनीवरून उठणं. पडल्यावर इजा झाली नसली तरी उठता येत नाही म्हणून माणूस तासन्‌तास तसाच पडून राहतो. गादीवर, घरचं कुणी जवळ असताना सराव करा. आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, तसंच रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं. बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, जो पाय बळकट तो पुढे टेकवायचा, जोर देऊन उठायचं आणि वळून खुर्चीवरच बसायचं. लगेच उभं राहून चालू लागू नये, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तिथेच चक्कर येते. मिनिटभर बसून मग उठावं.