उचल न घेता इंदूर

बीडकडच्या मुलीला गाव सोडायचं असेल तर महिना बघून निघावं. ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलात संपतो, मुकादम हिशोब करतो आणि पावसाळा लागला की पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटायला लागतो. मधल्या सहा-आठ आठवड्यांत घरावर नवी उचल नसते. निघायचं ते तेवढ्यातच. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोरींची लग्नं घाईत उरकतात ती याच हिशोबाने, आणि त्याला आमच्याकडे गेटकेन लग्न म्हणतात. मी एकोणिसाव्या वर्षी, मे महिन्यात, घरी न सांगता निघाले. उचल अंगावर असती तर निघाले नसते. वेठबिगारी ठरली तर १९७६ च्या कायद्याने ते कर्ज रद्द होतं हे खरं, पण ते ठरवून घ्यायला जिल्हाधिकारी नाहीतर प्रांताच्या कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि तोवर मुकादम बापाच्या ओट्यावर येऊन बसतो.

निघायच्या आधी महिनाभर कागदांचं काम केलं. शाळा सोडल्याचा दाखला मूळ हवा, कारण जन्मतारीख त्यावर असते. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली तर पोलीस आधी वय बघतात. अठरा पूर्ण असतील तर 'मी स्वखुशीने आले आहे' असा लेखी जबाब पुरतो. मी तसा अर्ज आमच्या ठाण्याला रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. दुसरं म्हणजे आधारचा मोबाइल नंबर. बहुतेक पोरींच्या आधारला बापाचा नाहीतर भावाचा नंबर असतो. मग इंदुरात बँकेचं खातं उघडायला गेलात की ओटीपी गावात वाजतो. तेव्हा नंबर बदलायला आधार केंद्रात जाऊन अंगठा द्यावा लागायचा. तालुक्याला बाजाराच्या दिवशी ते उरकून घ्यावं. नोकरी लावून देतो म्हणणारा मूळ आधार मागत असेल तर झेरॉक्ससुद्धा देऊ नये.

प्रवास बीड, संभाजीनगर, धुळे आणि तिथून सेंधव्यावरून इंदूर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण भाडं वेगळं बांधून ठेवावं. सरवटे बसस्टँडवर दिवसाउजेडी पोचेल अशीच गाडी धरावी. ओळखीचं कोणी नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी सखी केंद्र विचारायचं, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. माझी लांबची मावशी परदेशीपुऱ्यात होती, म्हणून ते निभावलं.

खोली मिळायला तीन आठवडे गेले. एकट्या मुलीला नाही म्हणायला सगळे तयार. शेवटी एका मराठी काकूंनी दिली. "काय करून राहिलीस बाई इतक्या लांब?" हा त्यांचा पहिला प्रश्न. इंदूरचं मराठी असंच, हिंदीला टेकून चालतं. आठवड्यात सवय होते. भाडेकरारावर अडू नये असं सगळे सांगतात, मी मात्र अडले. करार नसेल तर आधारचा पत्ता बदलणं अवघड, आणि इथला पत्ता नसेल तर समग्र आयडीसाठी झोन कार्यालयातून परत पाठवतात. मध्य प्रदेशात सरकारी कामाला समग्र आधी विचारतात: कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. रेशनला मात्र यातलं काही लागत नाही. गावच्या कार्डाचा नंबर सांगून इथल्या दुकानात अंगठा दिला की माझ्या वाट्याचं पाच किलो मिळतं आणि घरच्यांचं गावात चालू राहतं. पहिल्या वेळी मशीनने अंगठा घेतला नाही. कोयत्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या. आलटून पालटून सगळी बोटं लावली, मधलं बोट चाललं.

एप्रिल ते जून शाळेच्या गणवेशांचं काम असतं, त्यामुळे मेमध्ये रेडीमेडच्या कारखान्यांत नवखी बाईही घेतात. सुरुवात धागे कापण्यापासून, नगावर पैसे. त्यात पोट भरत नाही. मशीनवर बसल्याशिवाय भाडं निघत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत बसायचे. आधी सुईत दोरा न घालता वहीच्या कागदावर रेघेवरून शिवायचं, म्हणजे पायाचा जोर कळतो. ही मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके टाकते, घरच्या पायमशीनची सवय इथे उलटते. शर्टाच्या कापडाला चौदा नंबरची सुई, पँटीला सोळा. सुईची लांब खाच डावीकडे हवी. उलटी बसली की टाके सुटतात आणि नवी कारागीर मशीनला शिव्या देत बसते. कापडाखाली दोऱ्याची जाळी झाली तर सगळे बॉबिनचा स्क्रू पिळतात. चूक बहुतेकदा वरच असते, दोरा टेंशनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. बॉबिन बघायची असेल तर तिची डबी (केस) दोऱ्याला लटकवून हाताला हलका झटका द्यायचा: दोन बोटांइतकी खाली येऊन थांबली तर ठीक, सरसर उतरली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. आणि सकाळचे पहिले टाके चिंधीवर, कारण रात्रभर सुईच्या दांड्यावर उतरलेलं तेल पांढऱ्या शर्टावर पडलं की तो नग ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, जातो. ऑल्टरचे पैसे नाहीत. पहिल्या महिन्यात माझे कितीतरी नग तिथे गेले.

सरळ शिलाई, मग कॉलर, मग बाही, असं चढायला आठ महिने लागले. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो. पगारातून पाऊण टक्का जातो आणि नंदानगरच्या दवाखान्यात उपचार होतात. छोटे कारखानदार नऊच नावं लिहितात. मी दुसऱ्या वर्षी कारखाना बदलला तो एवढ्यासाठीच.

आता दिवाळीच्या आधी शेठ ॲडव्हान्स विचारतो. दहा घे, वीस घे, मार्चपर्यंत फिटेल. नाव बदललंय, पण उचलच ती: घेतली की सीझनभर दुसरीकडे जाता येत नाही आणि नगाचा भाव तो म्हणेल तो. मी झालेल्या नगांचेच पैसे मागते, तारीख आणि नग वहीत लिहून शनिवारी मास्टरची सही घेते. मास्टर म्हणतो, तुझ्या वहीमुळे बाकीच्या बायकापण वही आणायला लागल्या. शेठला ते आवडत नाही.