आमची वाटचाल: एक नौका, आठ माणसे आणि एक कालवा

कालव्यावरच्या नौकासहली आखून देणारी आमची संस्था व्यवसायाच्या हेतूने सुरू झाली नव्हती. पुण्यात एकत्र शिकलेले आम्ही आठ मित्रमैत्रिणी पन्नाशी ओलांडल्यावर कुठेतरी सोबत जायचे ठरवत होतो आणि थोड्या दिवसांत अनेक देश दाखवणाऱ्या सहलींची पत्रके चाळताना सगळ्यांनाच प्रश्न पडत होता, की यात एकमेकांशी निवांत बोलायला वेळ कधी मिळायचा. त्या शोधात दक्षिण फ्रान्समधील कनाल द्यु मिदी या कालव्यावर भाड्याने मिळणाऱ्या नौकांची माहिती हाती आली. चार खोल्या, लहानसे स्वयंपाकघर आणि वर मोकळा डेक असलेली नौका आठवडाभरासाठी घेता येते, ती स्वतःच चालवायची असते, आणि त्यासाठी परवाना लागत नाही. ताबा देताना सुकाणू, दोर आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून नौका वर चढवणारी किंवा खाली उतरवणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली कोठी) यांची ओळख करून देतात व तेवढ्या मुदतीपुरता कागद हाती ठेवतात. आम्ही परतलो, फोटो दाखवले, आणि परिचितांच्या दोन गटांनी आमच्यासाठीही अशीच व्यवस्था करून द्या अशी गळ घातली. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली, आणि मी व माझी पत्नी अशा दोघांच्या बळावर ही संस्था उभी राहिली.

पहिल्या दोन हंगामांत आम्ही कार्यक्रम चुकीचा आखला. कास्तेलनोदारीहून बेझिएपर्यंतचे सुमारे १४० किलोमीटर एका आठवड्यात पार करायचे, असे आम्ही पाहुण्यांना सांगत होतो. नकाशावर ते सहज वाटे. प्रत्यक्षात कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर, वाटेत लॉकमागून लॉक, दुपारी जेवणासाठी ती तासभर बंद, आणि संध्याकाळी कर्मचारी घरी गेल्यावर दरवाजे सकाळपर्यंत उघडत नाहीत. परिणामी आमचे पाहुणे घड्याळाकडे पाहत नौका हाकत राहिले आणि ज्या गावांसाठी इतक्या लांब आले, ती मागे पडत गेली. एका गटाने परतल्यावर हे आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले, त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

त्यानंतर आम्ही कालवा नीट समजून घेतला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या १६६६ च्या फर्मानानंतर हे काम हाती घेणारा प्येर-पोल रिके हा मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी होता, शिक्षणाने अभियंता नव्हता. भूमध्य समुद्र आणि अटलांटिक यांच्या मधल्या उंचवट्यावर पाणी कुठून आणायचे, हा खरा प्रश्न होता; त्याने काळ्या डोंगरावरचे ओढे वळवून सँ-फेरेओलच्या जलाशयात साठवले आणि ते नोरूझच्या खिंडीत आणून सोडले, जिथून ते दोन्ही दिशांना वाहते. १२,००० च्या आसपास मजूर, त्यांत अनेक स्त्रिया, या कामावर होते. कालवा १६८१ मध्ये सुरू झाला. रिके मात्र काही महिने आधीच, १६८० मध्ये निवर्तला होता. नौका चालवणाऱ्याला या रचनेतून एक उपयोगाची गोष्ट मिळते: नोरूझहून समुद्राकडे जाताना प्रत्येक लॉकमध्ये नौका खाली उतरते. चढताना आत शिरणारे पाणी नौकेला जोराने ढकलते, दोर घट्ट धरावे लागतात आणि एखाद्याला आधीच काठावर उतरून उभे राहावे लागते. उतरताना पाणी शांतपणे ओसरते. साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणून आम्ही आता सगळ्या नौका समुद्राच्या दिशेनेच नेतो.

आमचा सध्याचा मार्ग ओम्प्स ते कोलोंबिए असा, जुन्या मार्गाच्या निम्म्याहूनही कमी आहे. सुरुवातीला मोजकी लॉक लागतात, म्हणजे तो अनुभवही मिळतो, आणि आर्जांसनंतर पुढे बेझिएजवळच्या फोंसेरानच्या पायऱ्यांसारख्या लॉकमालिकेपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. द्राक्षमळ्यांच्या कडेने डोंगरउताराला बिलगून कालवा वळणे घेत जातो. रेपुद्र नदीवर रिकेनेच बांधलेल्या पुलावरून कालवा वाहतो आणि त्यातून नौका जाते, ल सोमाय गावात कमानीचा जुना पूल आणि जुन्या पुस्तकांचे प्रचंड दुकान आहे, कापेस्तांचा पूल इतका ठेंगणा की डेकवर सगळ्यांना खाली बसावे लागते. मालपासच्या बोगद्यापाशी आम्ही अर्धा दिवस राखून ठेवतो. वरच्या एन्सेरूनच्या टेकडीवर चढले की मध्ययुगात उपसून कोरडे केलेले मोंतादीचे तळे दिसते, आणि त्यातली शेते केंद्रातून निघालेल्या चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली असतात. मला स्वतःला या संपूर्ण मार्गावर याहून सुंदर दृश्य माहीत नाही.

जेवणाबाबत एक सांगायला हवे. या भागाचा अभिमान असलेल्या कासुले या पदार्थात पांढऱ्या घेवड्याबरोबर बदक आणि सॉसेज असतात. आमच्या शाकाहारी पाहुण्यांसाठी पत्नी गोडा मसाला बांधून देते, आणि तोच घेवडा बाजारातून आणून नौकेवर उसळ होते. सोमवारी अनेक दुकाने बंद असतात, हे आम्ही निघण्यापूर्वीच लिहून देतो.

२०२० मध्ये सगळी आगाऊ रक्कम आम्ही परत केली. त्यासाठी घरातली बचत मोडावी लागली, पण पाहुण्यांचे पैसे अडकवून ठेवणे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. पुढे पहिली नौका घेऊन गेलेले बहुतेक जण त्याच यादीतले होते.

सध्या आमच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे ती झाडांची. कालव्याच्या दोन्ही काठांवर सुमारे ४२,००० चिनारवर्गीय प्लेन वृक्ष होते. २००६ मध्ये तिथे एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली. रोग झालेले झाड वाचत नाही, आणि तो पसरू नये म्हणून शेजारची झाडेही तोडावी लागतात. हजारो झाडे गेली आहेत आणि त्यांच्या जागी वेगवेगळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. झाडांना दोर बांधायला मनाई असल्याने आम्ही प्रत्येक गटाला लोखंडी खुंट्या हातोडीने ठोकून नौका बांधायला शिकवतो. आमच्या पत्रकावर पूर्वी गर्द सावलीच्या कमानीचे छायाचित्र होते. ते आम्ही काढून टाकले आणि त्या जागी त्याच वळणाचे, उन्हात उभ्या असलेल्या कोवळ्या रोपांचे छायाचित्र छापले, कारण या वर्षी येणाऱ्यांना तिथे तेच दिसणार आहे.