तुम्ही विचारलंत म्हणून: देवाची करणी आणि आमचा ओढा

मी इन्शुरन्समध्ये आहे, क्लेम डिपार्टमेंटला, पंचवीसच्या वर वर्षं झाली. आमच्या धंद्यात पूर, वादळ, भूकंप या सगळ्याला ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हणतात, फायलीवर नुसतं एओजी लिहिलं की काम भागतं. आता ऑफिसात ख्रिस्ती मी एकटीच, त्यामुळे दर पावसाळ्यात कोणीतरी टेबलाशी येऊन म्हणतंच, "काय मॅडम, यंदा तुमच्या गॉडने फारच ॲक्ट केला!" मी हसते, तोही हसतो. पण खरंच विचारणारेही भेटतात. रिक्षावाल्याने विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं आणि त्यात कापूस असताना विचारलं, की तुम्ही देवाला प्रेमळ बाप म्हणता ना, मग लेकरं पुरात वाहून जातात तेव्हा हा बाप काय करत असतो? तेव्हा बोलताच आलं नाही, म्हणून आता लिहिते. शास्त्रशुद्ध उत्तर हवं असेल तर एखाद्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, गाठा, मी फक्त माझं सांगणार.

आम्ही पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला राहतो, तळमजला, आंबील ओढा जवळच. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र, ओढ्याला पूर आला ती, पुण्यात कोणाला सांगायला नको. आमच्याकडे पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून वर आलं, गढूळ, बुडबुडे काढत, आणि मी मूर्खासारखी त्यावर पायपुसणं टाकून वर बादली ठेवली. दहा मिनिटांत बादली तरंगायला लागली. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारच्या पोराने आणि माझ्या भावाने दुसऱ्या मजल्यावर नेलं, ती जिन्यात पूर्ण वेळ "माझं शास्त्र, माझं शास्त्र" करत होती, म्हणजे तिचं बायबल, आणि ते खालीच राहिलं. त्या रात्री शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसच्या वर माणसं गेली. आमच्यापासून थोड्याच अंतरावर भिंत पडली, त्यातही गेली.

सकाळी खाली आलो तर फ्रीज आडवा, कपाटाचं लाकूड फुगून दार उघडेना, आणि सगळीकडे तो चिखल, साय धरल्यासारखा. बायबल सापडलं पलंगाखाली. आईने पानापानात टाल्कम पावडर टाकून ते पंख्याखाली ठेवलं, मग आठवडाभर एकेक पान कापडाखाली घेऊन इस्त्री केली. पहिल्या कोऱ्या पानांवर आमच्या घरच्या तारखा लिहिलेल्या असतात, लग्नं, बाप्तिस्मे, मरणं. आजोबांनी शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलं, माझी आणि भावाची नावं बॉलपेनची म्हणून राहिली. (रविवारी घट बसणार होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, यंदा माती विकत आणायला नको बाई, दारातच आलीये. त्या आठवड्यात मी तेवढ्याच एका वाक्यावर हसले.)

तर त्याच रविवारी आम्ही चर्चला गेलो, उसने कपडे घालून. आमच्यात साक्ष देतात, म्हणजे उपासनेत उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. सगळे माझ्याकडेच बघत होते, मग उठले आणि सांगितलं की प्रभूने आम्हाला वाचवलं, वेळेवर मदत पाठवली, त्याची स्तुती असो. मंडळी आमेन म्हणाली. खोटं काही नव्हतं त्यात. पण परत येताना ती पडलेली भिंत लागली आणि मला आतून कसंतरीच झालं. प्रभूने आम्हाला वाचवलं, मग भिंतीपलीकडच्यांचं काय, त्यांचा नंबर लागला नाही? मी क्लेमवाली बाई आहे, एकच बाजू भरलेला फॉर्म आला तर मी तो परत पाठवते, आणि इथे मी स्वतः उभं राहून तसाच फॉर्म भरून आले होते.

तेव्हापासून मला चमत्काराच्या गोष्टी जपून ऐकाव्या लागतात. 26 डिसेंबर 2004, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवार, तमिळनाडूत समुद्रकाठी वेळांकणीला, मारियामातेच्या तीर्थाला, भाविकांची गर्दी, आणि सुनामी आली. तिथल्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, आत पाणी गेलं नाही म्हणून केवढं कौतुक झालं, आमच्याकडे प्रार्थनासभांमध्ये कितीदा ऐकलंय. पण किनाऱ्यावर जे शेकडो लोक मेले त्यात मातेच्या दर्शनालाच आलेले किती होते! इमारत वाचली आणि माणसं गेली, याला मी तरी चमत्कार म्हणणार नाही. पोर्तुगालच्या लिस्बनचंही तसंच, 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली. भूकंपाने छतं आली, आगी लागल्या, आणि जे जीव घेऊन पाण्याकडे पळाले त्यांच्यावर समुद्र आला. चर्चला न जाता घरी लोळत पडलेला एखादा वाचलाही असेल. युरोपातले शहाणे त्यावर पुढे कित्येक वर्षं भांडत होते.

आणि संकट म्हणजे ‘पापाची शिक्षा’, हे प्रकरण फक्त आम्हा ख्रिस्त्यांकडे आहे असं समजू नका. 1934 च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले होते आणि टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला होता. मी या बाबतीत टागोरांच्या बाजूची. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. तेव्हा मी कॉलेज संपवून घरी बसले होते आणि चर्चच्या टेम्पोतून कपडे-भांडी घेऊन गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, थंडगार राहणारी चांगली घरं, तीच अंगावर आली. ज्यांना तसं घर परवडत नव्हतं, कुडाच्या झोपडीत होते, त्यांच्यातले बरेच वाचले. पापपुण्याच्या कुठल्या वहीत बसवणार हे?

येशूला हा प्रश्न विचारला गेलाय, हे पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही आठवत नाही. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, तर तो म्हणतो, ती अठरा जणं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच सांगतो, नाही. लगेच पुढे पश्चात्ताप करा, नाहीतर तुमचाही तसाच नाश होईल असंही आहे, ते मी लपवत नाही, कठीण वाक्य आहे. पण उपदेशांत त्या दुसऱ्या वाक्यावर पाऊण तास आणि पहिल्या ‘नाही’वर अर्धा मिनिट, हे मला पटत नाही. एक तर बुरूजच पडला होता, आमच्या भिंतीसारखा.

भाचा इंजिनीअर आहे, तो म्हणतो मावशी, जमिनीखालच्या प्लेटा हलतात म्हणून तर डोंगर झाले, हलल्या नसत्या तर आपण नसतोच. बरोबर आहे त्याचं. आणि ओढ्याचं म्हणाल तर ओढा कोणी अरुंद केला, त्याच्या काठाला भिंती कोणी बांधल्या, ते देवाच्या नावावर टाकायची मला लाज वाटते, आमच्या फायलीत मात्र तेही एओजीच. पण एवढं सगळं मान्य करूनही पाऊस उरतो, भूकंप उरतो, आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला प्लेटा समजावून काय उपयोग.

बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, एका भल्या माणसावर आलेल्या संकटांचं, मी त्या हिवाळ्यात सगळं वाचलं. वादळ येतं, घर कोसळतं, सगळी मुलंबाळं त्याखाली जातात. मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तिथपर्यंत शहाणे. मग तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून अध्यायच्या अध्याय बोलतात. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, त्याच्यावर ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. देवही कारण सांगत नाही बरं का, उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास. मला हे उत्तर वाटत नाही, आईला वाटतं. आमचं यावर भांडण होतं.

मग मी चर्चला का जाते? कारण वधस्तंभावर येशूच ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि वरून काही उत्तर येत नाही. ज्याला स्वतःला उत्तर मिळालं नाही त्याच्याशी मला बोलता येतं. सगळं समजावून सांगणाऱ्याशी बोलता आलं नसतं. डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच आहे, आणि पुढच्या वेळी आधी कापूस काढा.

त्या वर्षी 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पाळकांनी पुन्हा साक्षीसाठी बोलावलं, पुरातून वाचलेल्या आमच्या ताई म्हणून. मी उठले. ज्या पोराने आईची खुर्ची उचलली त्याचं नाव घेतलं, चार दिवस पिठलं-भाकरी देणाऱ्या काकूंचं घेतलं, भिंतीखाली गेलेल्यांसाठी प्रार्थना करा म्हटलं आणि खाली बसले. आमेन जरा उशिरानेच आलं. बाहेर केक वाटताना एक म्हातारी मावशी जवळ येऊन म्हणाली, "अगं, साक्ष अर्धीच राहिली की तुझी."

म्हटलं, हो मावशी, अर्धीच आहे.