दुर्योधनाचे पाय आणि बाफुऑनचे तीन लाख दगड

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात भीम आणि दुर्योधन गदायुद्ध करतायत. जवळजवळ पूर्णाकृती मूर्ती, अंगात झेप, मांड्यांत ताण. बलरामही तिथंच आहे. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रसंग ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. मी मात्र पाटी वाचली आणि कंबोडियाची माझी सगळी सहल त्या पाटीमुळे वेगळ्या वाटेनं गेली.

या मूर्ती कोह केरच्या प्रसात चेन मंदिरातल्या, दहाव्या शतकातल्या. ख्मेर राजा चौथा जयवर्मन याची राजधानी तेव्हा अंगकोर ही नेहमीची जागा सोडून कोह केरला होती. एक हजार वर्षं या मूर्ती जागच्या हलल्या नाहीत. १९७०च्या दशकात देशात युद्ध पेटलं आणि चोरांनी त्या घोट्यापाशी तोडून नेल्या. पावलं तेवढी चौथऱ्याला चिकटून मंदिरातच राहिली. भीम कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात पोचला. दुर्योधन २०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाला. ऐन लिलावाच्या तोंडावर कंबोडियाच्या युनेस्को राष्ट्रीय आयोगाकडून पत्र गेलं : ही मूर्ती आमची आहे, विक्री थांबवा. विक्री थांबली. पुढे अमेरिकी सरकारनं न्यायालयात दावा लावला आणि मंदिरातल्या चौथऱ्यावरची पावलं हा त्यातला मोठा पुरावा ठरला. २०१४ मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम तिघंही मायदेशी परतले.

चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला आळा घालणारा युनेस्कोचा करार १९७०चा. कंबोडियानं तो १९७२ मध्ये स्वीकारला, म्हणजे देश युद्धात होरपळत असताना. त्या वेळी त्या सहीचा कुणाला काय उपयोग वाटला असेल? पण चाळीस वर्षांनी मूर्ती मागताना पायाखाली भक्कम जमीन लागते, आणि ती अशा सह्यांनीच तयार होते. युनेस्को म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जागतिक वारसा यादी आणि मंदिराबाहेरचा तो निळा-पांढरा फलक येतो. कंबोडियात हिंडताना मला कळलं की फलक हा या नात्याचा सगळ्यात छोटा भाग आहे. म्हणून पुढचे दिवस मी मंदिरांबरोबर एक गोष्ट आवर्जून शोधत राहिले : हे कुणी सावरलं, कुणाच्या पैशानं, आणि ठरवलं कुणी?

अंगकोरच्या मंदिरांशेजारचं शहर म्हणजे सिएम रीप. तिथला नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे आणि प्रवासी त्याबद्दल कुरकुर करतात. जुना विमानतळ अंगकोर वाटच्या फारच जवळ होता. विमानं मंदिरांच्या आसपास घोंघावू नयेत यासाठी एक तासाचा रस्ता मला तरी महाग वाटला नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय इथले दगड बोलत नाहीत. ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, शिकलेली माणसं वेचून मारली गेली. अंगकोरची देखभाल करणारे तज्ज्ञ, कारागीर, राजनर्तकी, कळसूत्री खेळवणारे, यांतले फार थोडे वाचले. त्यानंतरही वर्षानुवर्षं संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची नॉम पेन्हमध्ये ख्मेर रूजनंतर आलेल्या सरकारकडे नव्हती, त्यामुळे आंतरराष्ट्रीय मदतीची बहुतेक दारं बंदच. १९९१ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला. राजपुत्र नोरोडोम सिहानूक देशात परतले, त्यांनी युनेस्कोला साद घातली, आणि नोव्हेंबरमध्ये युनेस्कोचे महासंचालक फेदेरिको मायोर यांनी अंगकोरमधून जगाला मदतीचं आवाहन केलं. डिसेंबर १९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा यादीत आलं आणि त्याच दिवशी ‘धोक्यातील वारसा’ यादीतही गेलं. आधी यादीत घेतलं आणि अटी नंतर पूर्ण करायला सांगितलं, ही सवलत होती. अटी पाच : वारसा संरक्षणाचा कायदा करा, स्वतःची राष्ट्रीय संस्था उभारा, हद्द कायमची ठरवा, भोवतालचा राखीव पट्टा आखा, आणि देखरेखीची आंतरराष्ट्रीय व्यवस्था बसवा.

कागदावर रुक्ष वाटणाऱ्या या पाच अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. कारण त्यांतून १९९५ मध्ये ‘अप्सरा’ ही कंबोडियाची स्वतःची संस्था जन्माला आली. आज अंगकोरमध्ये कुठंही खोदायचं, बांधायचं, झाड तोडायचं तर परवानगी अप्सराची. त्याआधी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, टोकियोत तीसेक देश एकत्र बसले आणि ‘आयसीसी-अंगकोर’ ही समन्वय समिती ठरली. फ्रान्स आणि जपान सह-अध्यक्ष, सचिवालय युनेस्कोचं. प्रत्येक देशाचा चमू आपलं काम या समितीपुढे मांडतो, बाहेरचे तज्ज्ञ ते तपासतात, चुकलं तर तोंडावर सांगतात. एकाच परिसरात फ्रेंच, जपानी, भारतीय, चिनी, जर्मन, अमेरिकी चमू काम करतात आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. समिती नसती तर काय झालं असतं याची कल्पना केली की तिचं मोल समजतं. २००४ मध्ये अंगकोर धोक्याच्या यादीतून बाहेर पडलं.

बाफुऑनला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. अंगकोर थॉम या जुन्या राजनगरीत, बायोन मंदिराच्या हसऱ्या चेहऱ्यांपासून चालत थोड्याच अंतरावर हे अकराव्या शतकातलं शिवमंदिर आहे. बहुतेक गट बायोन बघून सरळ पुढच्या मंदिराकडे जातात, तसं करू नका. लांबच लांब उंचावलेल्या दगडी पुलावरून चालत जाताना समोर पिरॅमिडसारखं चढत गेलेलं मंदिर दिसतं. त्याचा मूळ दोष त्याच्या पोटात आहे : आत वाळू भरलेली. पावसाचं पाणी मुरलं की वाळू फुगते, सरकते आणि भिंती बाहेर ढकलते. शतकानुशतकं ते असंच ढासळत राहिलं.

१९६०च्या दशकात फ्रेंच संस्थेचे बेर्नार-फिलीप ग्रोलिए यांनी ठरवलं की मंदिर पूर्ण उतरवायचं, आतून आधार द्यायचा आणि पुन्हा रचायचं. (नॉम पेन्हचं ते संग्रहालय उभारणारे जॉर्ज ग्रोलिए हे त्यांचे वडील. बापानं मूर्ती जपल्या, मुलानं मंदिरं.) सुमारे तीन लाख दगड उतरवून भोवतालच्या जंगलात ओळीनं मांडले गेले. कुठला दगड कुठला याच्या नोंदी होत्या. मग युद्ध आलं, काम थांबलं, आणि १९७५ मध्ये ख्मेर रूजनं नॉम पेन्ह घेतल्यावर त्या नोंदी नष्ट झाल्या.

इथे चुना-सिमेंट नाही. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला घासून बसवलेला, म्हणून प्रत्येकाची जागा एकच. दुसरीकडे तो बसत नाही. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा वास्तुविशारद पास्कल रॉयेर आणि त्यांच्याबरोबरचे ख्मेर, म्हणजे स्थानिक कंबोडियन, कामगार यांच्यापुढे तीन लाख दगड होते आणि नकाशा नव्हता. पॅरिसमध्ये उरलेली जुनी छायाचित्रं, दगडांवरचं कोरीवकाम, कडांचे माप, आणि बाकी सगळं डोळ्यांच्या आणि हातांच्या सवयीवर. सोळा वर्षं लागली. जुलै २०११ मध्ये कंबोडियाचे राजे सिहामोनी यांच्या उपस्थितीत मंदिर खुलं झालं.

वरच्या टप्प्यापर्यंतच्या पायऱ्या उभ्या आहेत, चढताना दम लागतो. पण उतरून मागच्या, पश्चिमेच्या बाजूला जा. सोळाव्या शतकात कुणीतरी मंदिराचेच दगड वापरून ती सगळी भिंत पहुडलेल्या बुद्धात बदलली होती, जवळजवळ सत्तर मीटर लांब. पुनर्रचना करताना प्रश्न आला असणारच, की मूळ शिवमंदिर दाखवायचं की नंतरचा बुद्ध? त्यांनी बुद्ध राखला. मला हा निर्णय फार आवडला. मंदिराच्या आयुष्यातलं एक शतक निवडून बाकीची पुसायची, हा मोह टाळायला धैर्य लागतं. मी झाडाखाली बसून बराच वेळ त्या बुद्धाचा चेहरा शोधत होते. एकदा दिसला की मग डोळ्यांपुढून जात नाही. आवारात अजूनही काही दगड ओळीनं मांडलेले आहेत, ज्यांना जागा मिळाली नाही असे.

ता प्रोम मंदिरापाशी आपल्या तिरंग्याचा फलक दिसतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि अप्सरा इथं २००४ च्या सुमारापासून एकत्र काम करतायत. सातव्या जयवर्मननं ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ हे उभारलं. शिलालेखात नोंद आहे की मंदिराच्या सेवेला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं होती. आज गर्दी होते ती झाडांसाठी. भिंतींना कवेत घेतलेली अजस्र मुळं. झाड काढलं तर भिंत कोसळते, ठेवलं तर वादळात झाड पडून भिंत कोसळते. म्हणून इथं दगडांच्या तज्ज्ञांबरोबर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे लोकही आले, आणि झाडांची तब्येत तपासून काहींना टेकू देण्यात आले. पायवाटा लाकडी आहेत, मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून. नर्तकींचा मंडप मी दोनदा पाहिला. एके काळी तो दगडांचा ढीग होता. २०२२ मध्ये त्याचं काम पूर्ण झालं, आणि आता दारांवर नाचणाऱ्या अप्सरांच्या रांगा पुन्हा जागेवर आहेत.

भारताची इथली सुरुवात युनेस्कोच्याही आधीची. १९८६ ते १९९३ या काळात, जगातले बहुतेक देश नॉम पेन्हच्या सरकारला मान्यता द्यायला तयार नव्हते तेव्हा, भारतीय चमू अंगकोर वाटमध्ये काम करत होता. आसपास सुरुंग, बंदुका, मलेरिया. त्या वेळच्या रासायनिक सफाईवर आणि सिमेंटच्या वापरावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. तरीही कुणीच नसताना आपली माणसं इथं होती, ही गोष्ट मला मोलाची वाटते. दोन्ही खरं आहे. ता प्रोमचं काम बघितलं की टीका ऐकून पद्धत बदलता येते हेही दिसतं.

अंगकोर उद्यान सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात शंभराहून अधिक गावं आहेत. भातशेती, ताडाची झाडं, ताडगूळ उकळणाऱ्या चुली, देवळाच्या खंदकात डुंबणाऱ्या म्हशी. या लोकांचे पूर्वज इथलेच. २०२२ पासून सरकारनं उद्यानातल्या सुमारे दहा हजार कुटुंबांना रून ता एक या नव्या वसाहतीत हलवायला सुरुवात केली. सरकार म्हणतं लोक स्वखुशीनं गेले. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं अहवालात म्हटलं की दबाव होता, आणि युनेस्कोच्या नावाचा आधार घेतला गेला. युनेस्कोनं सांगितलं की आम्ही असं कधी सुचवलं नव्हतं. मला वाटतं एवढं सांगून भागत नाही. ज्या संस्थेचं नाव घेऊन लोकांना घर सोडायला सांगितलं जातं तिनं ते नाव कसं वापरलं जातंय हे मोठ्यानं विचारायला हवं. जुन्या पिढ्यांपासूनची घरं आणि गेल्या काही वर्षांत पर्यटनामागे आलेल्या टपऱ्या यांत फरक आहे, आणि तो फरक करायला वेळ द्यायलाच हवा. दगड एकेक तपासून बसवायला सोळा वर्षं देणाऱ्या जागी माणसांच्या बाबतीत घाई शोभत नाही.

या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात चांगली गोष्ट मला अंगकोरमधल्याच बांतेय क्देई मंदिरापाशी सापडली. जपानच्या सोफिया विद्यापीठानं इथं ख्मेर विद्यार्थ्यांना पुरातत्त्व शिकवलं, उत्खननातच. २००१ मध्ये अशाच एका सरावाच्या खड्ड्यात पुरलेल्या बुद्धमूर्ती निघू लागल्या आणि निघतच राहिल्या, एकूण २७४. शिकाऊ मुलांच्या हातून! त्या मूर्ती आता सिएम रीपच्या प्रेआह नोरोडोम सिहानूक-अंगकोर संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय लहान आणि शांत आहे, मोठ्या खासगी संग्रहालयाच्या झगमगाटात ते अनेकांच्या नजरेतून सुटतं. सोफियानंच पाथरवटांचीही पिढी घडवली. अंगकोर वाटमध्ये शिरताना खंदकावरचा जो पश्चिमेचा दगडी सेतू आपण ओलांडतो, त्याचं काम अप्सरा आणि सोफिया यांनी मिळून केलं आणि तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. दगड बसवणारे हात ख्मेर होते. तज्ज्ञांची अख्खी पिढी मारली गेल्यावर अवघ्या तीन दशकांत हे घडलं.

जाणार असाल तर अंगकोरच्या पासाबद्दल : एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. प्रत्येक पासातले दोन डॉलर कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयाला जातात. एका दिवसाचा घेऊ नका. बाफुऑनचा बुद्ध, ता प्रोमचा नर्तकी मंडप आणि सिहानूक संग्रहालय एका दिवसात घाईघाईत उरकलं तर हाती फक्त फोटो राहतील. आणि नॉम पेन्हला आधी जा, सिएम रीपला नंतर. दुर्योधनाला भेटून मग मंदिरं पाहिली की प्रत्येक रिकामा चौथरा आणि प्रत्येक फलक नीट वाचता येतो.