निवडीचं पत्र येण्याआधीच करायची तयारी

परदेशात मदतकार्याला जायचं म्हटलं की आपल्याकडची मुलं-मुली आधी अर्ज कुठं करायचा ते विचारतात. ते सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनव्हीची (स्वयंसेवक कार्यक्रमाची) नोंदणी ऑनलाइन आणि मोफत असते, त्यामुळं त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटच्या दारात उभं राहू नका. वेळ खातात ती कागदपत्रं आणि लसी, म्हणून ही दोन कामं आजच हाती घ्या.

आधी नाव तपासा. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं हवं. ‘जाधव’च्या शेवटी एका कागदावर व्ही आणि दुसऱ्यावर ओ, असे कागद गावोगावी सापडतात आणि व्हिसाच्या वेळी नेमके तेच अडतात. पासपोर्टच्या अर्जाला दहावी पासचा पुरावा जरूर जोडा. नाहीतर ईसीआर (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) पासपोर्ट मिळतो, आणि सुदान, दक्षिण सुदान, येमेन, इराक, सीरिया हे देश नेमके अशी तपासणी लागणाऱ्या १८ देशांच्या यादीत आहेत. तिथं नोकरीसाठी जाताना मग वेगळी परवानगी लागते. पदवीचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) हेग करारातल्या देशांनाच चालतं, बाकीच्यांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. नर्सिंगवाल्यांनी कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हे बघून ठेवावं.

हिपॅटायटिस बी लसीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. पत्र आल्यावर सुरुवात केली तर कोर्स पुरा होणं अवघडच. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, गावातल्या दवाखान्यात टोचून उपयोग नाही. तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. पिवळं कार्ड हातात आलं की पासपोर्ट क्रमांक, बॅच नंबर, सही आणि शिक्का तिथंच उभं राहून तपासा. कार्ड नसताना पिवळ्या तापाच्या देशातून भारतात परतलात, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन दिली असेल, तर परतल्यावरही ४ आठवडे रोज घ्यायची असते. घरी पोचल्यावर बरेच जण ती सोडतात आणि मग ताप गाठतो.

पाण्याच्या कामात मराठवाड्यातला माणूस कोरा नसतो. टँकर, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), ओटी चाचणी (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) हे गावच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्या जलसुरक्षकाचं रोजचं काम, आणि माझ्या मते अर्जात सगळ्यात वजन याच अनुभवाला आहे. तो आकड्यांत मांडा. निर्वासितांच्या छावण्यांत स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची मानकं वापरतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत, नळाशी उरलेलं क्लोरीन लिटरमागं ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम.

एक फरक मात्र नीट ध्यानात ठेवा. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागं २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर ६० ग्रॅम पावडर लागते. छावणीत बहुधा एचटीएच (जास्त तीव्र क्लोरीन पावडर) मिळतं, त्यात क्लोरीन ६५ ते ७० टक्के, म्हणजे ३० ग्रॅममध्येच काम भागतं. हात सवयीनं ६० ग्रॅमवर गेला की पाण्याला उग्र वास येतो, बायका भरलेली भांडी ओतून देतात आणि पुन्हा नदीचं पाणी आणतात. कॉलरा तिथूनच पसरतो. गढूळ पाणी तर क्लोरीन गिळूनच टाकतं, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या. मग डोस द्या, अर्धा तास थांबा आणि मोजा. ओटीऐवजी तिथं क्लोरीन तपासायला डीपीडी नावाच्या गोळ्या असतात आणि पाणी पिवळं न होता गुलाबी होतं. हे किट जाण्याआधी एकदा तरी हाताळून बघा.