पहिला घातला तरच दुसरा

२०२५-२६ चा सीझन ३ नोव्हेंबरला सुरू झाला तरी माझ्या डोक्यातून २०२५ चा एप्रिल अजून गेलेला नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल मी गेली बरीच वर्षं बघतोय, घरात सगळ्यांना माहीत आहे की मार्च आला की माझी झोप गेली. तेव्हा कॉलेजांची देशभरातली चॅम्पियनशिप असते, २०२५ ला ६८ टीम होत्या, एक हरलात की घरी, सात गेमची सिरीज वगैरे काही लाड नाहीत. एनबीए, म्हणजे तिथली प्रोफेशनल लीग, पण बघतो पण तिथे हरलेल्या टीमला परवा परत संधी असते. इथे नसते, आणि खेळणारी पोरं साधारण १८ ते २३ वयाची.

तर ६ एप्रिल २०२५, रविवार, रामनवमी. आमच्या लोकमान्य नगरच्या घरी आई पहाटेपासून सुंठवड्याच्या तयारीत, बारा वाजता जन्म असतो आणि तिला सगळं अकराच्या आत हातावेगळं हवं असतं. भाचा मुद्दाम आदल्या रात्री राहायला आला होता. तो रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळतो, १६ वर्षांचा आहे, आणि त्याच्यासाठी जगात एकच खेळाडू होता, ड्यूक युनिव्हर्सिटीचा कूपर फ्लॅग. मी ह्यूस्टन युनिव्हर्सिटीवाला. पावणेचारला उठून दोघांनी पहिली सेमीफायनल बघितली, फ्लोरिडा आणि ऑबर्न, त्यात फ्लोरिडाच्या वॉल्टर क्लेटनने ३४ पॉइंट मारले, मॅच सुंदरच होती पण खरं सांगायचं तर आम्ही दोघं सव्वासहाच्या ड्यूक-ह्यूस्टन सेमीफायनलची वाट बघत होतो.

भाचा म्हणाला, "मामा, तुझ्या टीममध्ये आहे कोण? एक नाव सांग जे ड्राफ्टमध्ये वर जाईल."

ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीम नवी पोरं एकेक करून निवडतात ते. प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे नाव नव्हतं. त्या वर्षी पहिलं मानांकन मिळालेल्या चारही टीम, म्हणजे नंबर वन सीड, शेवटच्या चारात, फायनल फोरला, पोचल्या होत्या, असं याआधी फक्त २००८ मध्ये झालं होतं, म्हणजे रँकिंग बघून काही ठरवणं शक्यच नव्हतं. अशा वेळी जोड्या बघायच्या. कोण कोणाला गार्ड करणार, कोणाचं कुठे अडणार. ड्यूककडे फ्लॅग, १८ वर्षांचा, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू, नंतर जूनमध्ये डॅलसने पहिल्याच नंबरवर उचलला. त्याच्यासमोर ह्यूस्टनचा जे'वॉन रॉबर्ट्स, कॉलेजमधलं सहावं वर्ष. सहावं! ज्या पोराने सहा वर्षं एकाच कोचच्या, केल्विन सॅम्पसनच्या, हाताखाली रोज रिबाउंडसाठी, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्यासाठी, धक्के खाल्लेत तो. आणि ड्यूकचा सेंटर खामान मालुआच सात फूट दोन इंच, त्याच्यासमोर ह्यूस्टनचा जोसेफ टगलर, उंचीने बराच कमी पण हात असे लांब की बॉल कुठूनही काढतो. मी भाच्याला म्हटलं, उंची बघू नकोस, शॉट उडाल्यावर कोण कोणाच्या अंगाला आधी अंग लावतो ते बघ.

आता ऐका. मालुआच २१ मिनिटं खेळला आणि त्याला एकही रिबाउंड मिळाला नाही. सात फूट दोन इंच, शून्य. याला मी मॅचअप म्हणतो. हे काही नशिबाने होत नाही, प्रत्येक शॉटला ह्यूस्टनचा कोणीतरी त्याला कमरेने मागे रेटत होता, बॉल मिळाला नाही तरी चालेल पण याला मिळता कामा नये.

तरीपण ड्यूक जिंकत होती हेही खरंच. आठेक मिनिटं राहिली होती तेव्हा १४ ची लीड. फ्लॅगने शेवटी २७ केले, तो पोरगा अफाट खेळला, त्यात शंका नाही. भाचा पलंगावर उभा राहून नाचत होता, आई आतून ओरडली की अरे सणासुदीचं आंघोळ तरी करा. पण तुम्ही पुढची दहा मिनिटं नीट बघितलीत तर कळेल, शेवटच्या साडेदहा मिनिटांत ड्यूकची फील्डमधून, म्हणजे फ्री थ्रो सोडून, एकच बास्केट झाली. एक. बॉलवाल्याचा साथीदार त्याच्या गार्डच्या वाटेत आडवा उभा राहतो त्याला पिक म्हणतात, ह्यूस्टन दर पिकला बॉलवाल्यावर दोन माणसं सोडते, त्याला पास द्यायला लावते, आणि शॉट मारायला मिळणारी ३० सेकंदं, शॉट क्लॉक, संपत आली की शॉट मग घाईतच पडतो. ३५ मिनिटं याचा काही परिणाम दिसत नाही. मग पाय जड होतात.

३५ सेकंद राहिले तेव्हासुद्धा ड्यूक ६ ने पुढे. मग ह्यूस्टनच्या एमॅन्युएल शार्पचा थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट), मग बॉल चोरला, एक थ्री चुकला आणि टगलरने वरच्या वर डंक केला, ६७-६६. सुमारे २० सेकंद बाकी, आणि ड्यूकचा टायरीस प्रॉक्टर फ्री थ्रो लाइनवर.

इथे एक नियम समजून घेतला पाहिजे कारण सगळं त्यावर फिरलं. कॉलेजमध्ये समोरच्या टीमचे हाफमध्ये सात फाऊल झाले की तुम्हाला वन-अँड-वन मिळतो. म्हणजे पहिला घातला तरच दुसरा. पहिला चुकला तर बॉल जिवंत, ज्याचा रिबाउंड त्याचा. दहाव्या फाऊलपासून मग सरळ दोन. एनबीएमध्ये हा प्रकार नाही, आपल्याकडच्या टूर्नामेंटमध्येही आता सरळ दोन देतात. माझ्या मते बास्केटबॉलमधला हा सगळ्यात निर्दयी आणि सगळ्यात सुंदर नियम आहे. आयुष्यभर हजारो फ्री थ्रो मारले असतील, पण या एकाला मागे काही नाही, आणि लाइनवर उभ्या असलेल्या पोराला ते माहीत असतं.

प्रॉक्टरचा पहिला चुकला. रिबाउंडला रॉबर्ट्स, फ्लॅग त्याच्या पाठीवरून गेला, शिट्टी. लोक अजून भांडतात की तो फाऊल होता की नाही, मी पाच वेळा रिप्ले बघितलाय, माझ्या मते होता, कारण रॉबर्ट्सने आधी जागा धरली होती आणि सहा वर्षं तो हेच करत आलाय. मग रॉबर्ट्स लाइनवर. तो काही फ्री थ्रोसाठी नावाजलेला खेळाडू नाही. दोन्ही घातले. ह्यूस्टन पुढे. आणि मग पलीकडे फ्लॅगने बॉल मागितला, त्याच्यावर तोच रॉबर्ट्स, फ्लॅगने मागे झुकून त्याच्या हातावरून शॉट मारला, शॉट थोडा कमी पडला. ७०-६७ ला संपलं.

भाचा रडला. मी त्याला काही बोललो नाही, नुसता हात ठेवला, कारण मी जिंकलो म्हणून आनंद करायची ती वेळ नव्हती. दुपारी जन्माच्या वेळी पाळण्याजवळ आईने त्याच्या हातावर सुंठवडा ठेवला तेव्हा त्याचे डोळे लालच होते.

आणि मंगळवारी माझी पाळी आली.

फायनल, फ्लोरिडा. सान अँटोनियोत सोमवारची रात्र म्हणजे आपल्याकडे मंगळवारची सकाळ, मी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवून ठेवलं होतं. क्लेटनला ह्यूस्टनने पहिल्या हाफमध्ये शून्यावर ठेवलं, ऑबर्नला ३४ मारणाऱ्याला! दुसऱ्या हाफमध्ये १२ ने पुढे. ह्यूस्टन तोपर्यंत एकदाही चॅम्पियन झालेली नव्हती, १९८३ च्या फायनलला शेवटच्या क्षणी नॉर्थ कॅरोलायना स्टेटने एका डंकवर ५४-५२ हरवलं होतं, तेव्हा तर त्यांच्याकडे ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलर होते. मला वाटलं आज ते फिटणार.

नाही फिटलं. शेवटच्या दोन पझेशनमध्ये, म्हणजे बॉल हातात आला त्या शेवटच्या दोन वेळी, ह्यूस्टनचा एकही शॉट उडाला नाही. ६५-६३, फ्लोरिडा. तो शेवटचा क्षण मी लिहितोय तरी पोटात कालवतं: शार्प थ्रीसाठी उडाला, बॉल हातात, आणि क्लेटन, जो दिवसभर शॉटसाठी झगडत होता, तो लांबून झेप घेऊन समोर आला. शार्प हवेत. मारला तर ब्लॉक, बॉल घेऊन खाली आला तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग, बॉल समोरच्यांना. त्याने बॉल सोडून दिला. मग बॉल जमिनीवर टप्पे खातोय आणि शार्प त्याच्या शेजारी उभा, हात लावू शकत नाही कारण त्यानेच आधी हात लावला तरी ट्रॅव्हल. मग फ्लोरिडाच्या कॉन्डनने अंग टाकलं, आणि वेळ संपली.

क्लेटनचे त्या रात्री फक्त ११ पॉइंट. पण फायनल जिंकली त्या एका धावण्याने, जे स्कोअरशीटवर येत नाही. ह्यूस्टनने ड्यूकला ज्या गोष्टीने हरवलं तीच गोष्ट फ्लोरिडाने ह्यूस्टनला करून दाखवली, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. भाच्याचा फोन आला, तो म्हणाला मामा मी पण बघत होतो, शाळेला दांडी मारलीय, आईला सांगू नको.

पुढच्या सीझनला, २०२५-२६ ला, ह्यूस्टनचे शार्प, टगलर आणि मिलोस उझान तिघेही परत आले, पैसा आणि ट्रान्सफर पोर्टलच्या (म्हणजे खेळाडू सहज कॉलेज बदलतात त्या) या दिवसांत तिघं एकत्र परत येणं ही मोठी गोष्ट आहे. रॉबर्ट्स नाही, त्याची वर्षं संपली. भाचा अजून ड्यूकवालाच, त्या सीझनला तिथल्या कॅमरन बूझरचं नाव जपत होता. त्या सीझनची फायनल फोर एप्रिल २०२६ मध्ये इंडियानापोलिसला.

मधल्या काळात त्याच्या प्रॅक्टिसला मी एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी कॉम्प्लेक्सवर सगळं संपल्यावर, पाय थकलेले असताना, वन-अँड-वन. पहिला चुकला तर दुसरा नाही, बॉल मला द्यायचा आणि पलीकडची लाइन शिवून यायचं. सुरुवातीला चिडायचा. काल दहा वेळा उभा राहिला, सात वेळा त्याला दुसरा मिळाला.